पिकअपवरचा कॅम्पर: गुरुत्वमध्य कसा काढायचा आणि वजन कसं बसवायचं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिकअपच्या हौद्यात बसणारा, काम झालं की उतरवून ठेवता येणारा कॅम्पर पुण्यात करून घ्यायचा म्हटलं तर अडचण अशी काही नाही. भोसरीत फ्रेम वेल्ड करून मिळते, टिंबर मार्केटमध्ये प्लाय मिळतो, आणि खिडक्या-दारं बसवणारे कारागीर शहरभर आहेत. पण चौकशी सुरू होते ती गादीची, पंख्याची आणि सोलरची. वजनाची आठवण बहुतेकांना खंबाटकीत पहिल्यांदा स्टिअरिंग हलकं लागतं तेव्हा येते. म्हणून इथे सगळी उत्तरं वजनाबद्दलच आहेत.

गुरुत्वमध्य माहीत असायलाच हवा का? बॉक्स हौद्यात नीट बसला की झालं ना?

नाही झालं. कॅम्परचं सगळं वजन ज्या एका बिंदूतून खाली दाबतं असं धरता येतं, तो त्याचा गुरुत्वमध्य. पिकअपचा हौदा बराचसा मागच्या चाकांवर आणि त्यांच्या मागे असतो. बॉक्सचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या (एक्सल म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा) पुढे असेल, तर त्याचं वजन दोन्ही एक्सलमध्ये वाटलं जातं. तो मागच्या एक्सलच्या मागे गेला, की एक्सल टेकूसारखा वागतो आणि पहारीने दगड उचलावा तशी गाडीची पुढची बाजू वर उचलली जाते. मग पुढच्या चाकांची पकड कमी होते, ब्रेक मारल्यावर गाडी सरळ राहीलच असं नाही, आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. वजन तेच राहिलं तरी जागा अर्ध्या फुटाने चुकली की हे सगळं होतं.

लक्षात ठेवायचा नियम एकच: सगळं सामान, पाणी आणि माणसं भरल्यावर कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या पुढेच असला पाहिजे, आणि पुढच्या एक्सलवरचं वजन रिकाम्या गाडीपेक्षा कमी होता कामा नये.

गाडी किती वजन घेऊ शकते हे कुठे बघायचं?

आरसीवर आणि कंपनीने गाडीवर लावलेल्या पट्टीवर. एकूण मंजूर वजनातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की क्षमता निघते. मात्र आरसीवरचं रिकामं वजन हे कारखान्यातून निघालेल्या गाडीचं असतं. नंतर बसवलेला बुलबार, हौद्यातलं जाड लायनर, कॅरियर हे त्यात धरलेलं नसतं. ड्रायव्हर आणि शेजारचा माणूस हेही त्याच क्षमतेतून जातात. पट्टीवर एक्सलनिहाय मर्यादा दिली असेल तर ती वेगळी टिपून ठेवा. एकूण वजन मर्यादेत असताना मागचा एक्सल ओव्हरलोड असणं, हे कॅम्परच्या बाबतीत नेहमीचं आहे.

शक्य असेल तर कंपनीच्या आकड्यावर न राहता आपली गाडी डिझेलची टाकी भरून एकदा वजन करून घ्या.

भुईकाट्यावर नेमकं काय करायचं?

मार्केट यार्ड, भोसरी, चाकण, हडपसर या भागांत मालवाहतुकीमुळे भुईकाटे भरपूर आहेत. सकाळची ट्रकची गर्दी ओसरल्यावर जा आणि काटेवाल्याला आधीच सांगा, "दादा, एक्सलचं वेगवेगळं वजन हवंय, तीन पावत्या लागतील." नुसतं "वजन करा" म्हटलंत तर तो एकूण वजनाची एक पावती देईल आणि तुमच्या हाती काहीच लागणार नाही.

आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. प्रत्येक वेळी इंजिन बंद, गिअर न्यूट्रल आणि ब्रेकवरून पाय काढलेला. ब्रेक दाबून ठेवला तर काट्याबाहेरची चाकं गाडीला ताणून धरतात आणि आकडा बिघडतो. काट्याची फळी आणि बाहेरचा रस्ता एका पातळीत आहे ना, हेही बघा. चढण असलेल्या काट्यावर एकूण वजन बरोबर येतं, एक्सलचं येत नाही. पुढचं आणि मागचं मिळून बेरीज पूर्ण गाडीच्या वजनाएवढी आली पाहिजे. दहा-वीस किलोपेक्षा जास्त फरक पडला तर काटा बदला.

हे सगळं दोनदा करायचं, एकदा कॅम्परशिवाय आणि एकदा कॅम्परसह. दोन्ही वेळा डिझेलची टाकी भरलेली आणि सीटवर तोच ड्रायव्हर. अर्धी टाकी आणि भरलेली टाकी यांत तीसेक किलोंचा फरक पडतो, आणि आपण शोधतोय तो फरकही साधारण तेवढाच असतो.

पावत्या मिळाल्या. आता गणित?

उदाहरणच घेऊ. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर, ३००० मिमी. कॅम्परशिवाय पुढे १०१० किलो, मागे ७४० किलो. कॅम्परसह पुढे १०५०, मागे १३००. म्हणजे पुढच्या एक्सलवर ४० किलो वाढले, मागच्यावर ५६०, आणि कॅम्परचं वजन ६०० किलो.

पुढच्या एक्सलवरची वाढ गुणिले व्हीलबेस, भागिले कॅम्परचं वजन. ४० गुणिले ३००० भागिले ६००, उत्तर २०० मिमी. गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या २०० मिमी पुढे आहे. पुढच्या एक्सलचा आकडा वाढायच्या ऐवजी कमी झाला असेल तर उत्तर उणे येतं. त्याचा अर्थ गुरुत्वमध्य एक्सलच्या मागे आहे. अशी गाडी घाटात नेऊ नका.

बाजूने मागच्या चाकाच्या मध्यापासून पुढे २०० मिमी मोजून कॅम्परच्या बाहेरच्या पत्र्यावर खडूने उभी रेघ मारा. पुढे सामान भरताना ती रेघ रोज उपयोगी पडते. रेघेच्या पुढे ठेवलेली वस्तू गुरुत्वमध्य पुढे ओढते, मागे ठेवलेली मागे ओढते.

काट्यावरचे आकडे कितपत खरे धरायचे?

मोठा भुईकाटा ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतो. वरच्या उदाहरणात ४० ऐवजी खरी वाढ ३० किंवा ५० असेल, तर उत्तर १५० किंवा २५० मिमी होतं. दोन्ही उत्तरं एक्सलच्या पुढचीच, त्यामुळे फारसं बिघडत नाही. पण तुमची वाढ १० किलोच निघाली असेल, तर गुरुत्वमध्य पुढे आहे की मागे, हे त्या पावतीवरून सांगता येत नाही. अशा वेळी कमी क्षमतेच्या, बारीक टप्पे दाखवणाऱ्या काट्यावर जा, किंवा सरळ जड वस्तू पुढे हलवून पुन्हा वजन करा. मी दुसरा मार्ग सुचवीन, कारण काठावर असलेला कॅम्पर पाण्याच्या एका कॅनने पलीकडे जातो.

कॅम्पर गाडीवर चढवायच्या आधीच गुरुत्वमध्य काढता येतो का?

येतो, आणि काढावाच. चार कोपऱ्यांना जॅक असतील तर प्रत्येक जॅकखाली दुकानात असतो तसा ३०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा ठेवा. एकाच वेळी चार मिळाले तर उत्तमच. दोनच असतील तर आधी पुढच्या दोन जॅकखाली ठेवा, मग मागच्या. प्रत्येक वेळी उरलेल्या जॅकखाली काट्याच्याच उंचीचे लाकडी ठोकळे द्या आणि कॅम्पर समपातळीत आहे हे लेव्हल बाटलीने बघून घ्या.

समजा पुढच्या दोन जॅकवर मिळून ३४० किलो, मागच्या दोनवर २६०, आणि पुढच्या-मागच्या जॅकमधलं अंतर १८०० मिमी. ३४० गुणिले १८०० भागिले ६०० म्हणजे १०२०. मागच्या जॅकपासून १०२० मिमी पुढे गुरुत्वमध्य. आता कॅम्पर हौद्यात पुढे टेकेपर्यंत सरकवल्यावर हा बिंदू मागच्या एक्सलच्या पुढे येतो का, ते टेपने मोजून बघा. येत नसेल तर तो कॅम्पर त्या गाडीसाठी नाही. आखूड हौद्याच्या डबल कॅबवर लांब कॅम्पर चढवायचा हट्ट इथेच सोडून द्यावा.

पाइपवर बॉक्स तोलून बघायची युक्ती काही जण सांगतात. सहाशे किलोच्या वस्तूबरोबर ती करू नका. जॅकवर असतानाही कॅम्परखाली कुणीही जायचं नाही. पावसाळ्यात अंगणातली माती बसते, म्हणून प्रत्येक जॅकखाली रुंद फळी हवीच.

अजून बांधायला सुरुवात व्हायची आहे. कागदावर अंदाज येईल का?

खरं तर हीच योग्य वेळ. प्रत्येक वस्तूचं वजन आणि तिचं मागच्या एक्सलपासूनचं अंतर लिहा. पुढे असेल तर अधिक, मागे असेल तर उणे. दोन्हींचा गुणाकार करा, सगळ्या गुणाकारांची बेरीज घ्या आणि एकूण वजनाने भागा.

वजनं डोळ्यांनी ठरवू नका. १८ मिमीचा आठ बाय चार फुटी प्लाय साधारण ३० ते ३५ किलो भरतो, १२ मिमीचा वीस-पंचवीस. घरच्या फर्निचरसारखा सगळीकडे १८ मिमी लावला तर सहा शीटमध्येच दोनशे किलो गेले. सुतारकाका "मजबूत पाहिजे ना साहेब" म्हणतील, तेव्हा त्यांना बेडची फ्रेम मजबूत करू द्या आणि कपाटाची दारं ६ मिमीची सांगा. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी पन्नास किलोच्या पुढे जाते. १२ व्होल्टची १०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी बारा किलोच्या आसपास असते. किमतीत फरक मोठा आहे, पण कॅम्परमध्ये तो वसूल होतो असं माझं मत आहे. घरगुती गॅसची टाकी १४.२ किलो गॅस आणि लोखंड धरून तीसेक किलोची, पाच किलोची छोटी टाकी त्याहून कितीतरी हलकी. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून टाकीच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी ठेवा.

पाण्याची टाकी कुठे बसवू?

केबिनच्या मागच्या भिंतीला लागून, जमिनीवर. लोक ती मागच्या दाराजवळ बसवतात, कारण नळ आणि धुण्याची जागा तिथे सोयीची पडते. वरच्याच कॅम्परमध्ये ८० लिटरची टाकी एक्सलच्या १००० मिमी मागे बसवली, तर पाणी भरल्यावर पुढच्या एक्सलवरून सुमारे २७ किलो उचलले जातात आणि गुरुत्वमध्य २०० वरून ५९ मिमीवर येतो. फक्त पाण्याने! तीच टाकी एक्सलच्या ५०० मिमी पुढे असती, तर पाणी भरल्यावर गुरुत्वमध्य आणखी पुढे गेला असता. नळ मागे हवा असेल तर पाइप लांब घ्या, टाकी हलवू नका.

अर्धी भरलेली टाकी वळणावर हेलकावे देते. टाकीत आडव्या पट्ट्या नसतील तर एक तर पूर्ण भरून निघा, नाहीतर रिकामी ठेवून मुक्कामाच्या गावी भरा. वापरलेल्या पाण्याची टाकी वेगळी असेल तर तिचंही वजन धरा. सकाळी पुढे असलेलं पाणी संध्याकाळी मागच्या टाकीत गेलेलं असतं.

मागच्या बाजूला सायकली, जनरेटर किंवा मोटारसायकल लावली तर?

दोन सायकली चालतील, मोटारसायकल नाही. एक्सलच्या १५०० मिमी मागे लटकवलेले ६० किलो पुढचा एक्सल ३० किलोंनी हलका करतात आणि मागच्यावर ९० किलो टाकतात.

टपावर सामान ठेवलं तर? उंचीने काय बिघडतं?

पुण्यातून कुठेही निघा, घाट लागतोच, म्हणून हा प्रश्न आपल्याकडे महत्त्वाचा. रिकाम्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० मिमीवर आणि कॅम्परचा १४०० वर धरला, तर १७५० किलोची गाडी आणि ६०० किलोचा कॅम्पर मिळून तो साधारण ८८० मिमीवर येतो. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १५०० मिमी असेल, तर त्याचं अर्धं भागिले उंची हा गाडी उलटण्याचा ढोबळ अंदाज असतो. रिकामी गाडी १.०७, कॅम्परसह ०.८५. आकडा जितका लहान, तितक्या कमी वेगाला आतली चाकं उचलायला लागतात. प्रत्यक्षात पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि टायर एका बाजूला दबतात, त्यामुळे कागदावर दिसतं त्याच्याही आधी ते घडतं.

आता २७०० मिमी उंचीच्या टपावर ५० किलो ठेवा. आकडा ०.८२. फरक लहान वाटतो, पण घाटातल्या वळणावर तुमच्याकडे शिल्लकच थोडी असते. टपावर सोलर पॅनल आणि हलका छत एवढंच असावं. तंबू, जेरीकॅन, स्टेपनी खाली. बॅटरी, हत्यारं, डबाबंद सामान बेडखाली, जमिनीला लागून. वरच्या कपाटात कपडे आणि पांघरुणं.

उंचीचा गुरुत्वमध्य मोजायचा तर एक एक्सल ठरावीक उंचीवर उचलून दुसऱ्यावरची वाढ मोजतात. ते काम साधनं असलेल्या ठिकाणीच करावं. घरी वरच्यासारखी वस्तूंची यादी करून उंचीचा हिशोब लावला तरी पुरेसा अंदाज येतो.

डावी-उजवीकडचं वजन कसं तपासू?

सपाट फरशीवर गाडी उभी करा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजा. आधी रिकाम्या गाडीचं, मग भरलेल्या. डावी आणि उजवी बाजू सारखीच खाली आली पाहिजे. फरक दिसला तर ओटा, फ्रिज आणि बॅटरी एकाच बाजूला गेल्यात का बघा. बहुतेक वेळा तसंच असतं. हीच मापं पुढच्या चाकांबद्दलही बोलतात: पुढची कमान रिकाम्या गाडीपेक्षा वर आली असेल, तर काट्यावर जायच्या आधीच उत्तर मिळालं.

पाटे वाढवले तर जास्त वजन चालेल ना?

नाही. जादा पाटे किंवा एअर बॅग (स्प्रिंगच्या मदतीला लावायच्या हवेच्या पिशव्या) लावल्याने गाडीची मागची बाजू वर येते आणि सगळं ठीक दिसायला लागतं, एवढंच. एक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि चेसिस तेच असतात, आरसीवरचं मंजूर वजनही तेच. मर्यादेत असलेल्या कॅम्परचा डोल कमी करायला पाटे जरूर लावा, गुरुत्वमध्याची चूक झाकायला नको.

टायरचं काय?

टायरच्या बाजूला मापानंतर जो आकडा असतो तो लोड इंडेक्स. १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०९ म्हणजे १०३० किलो, प्रत्येक टायरला. तेही पूर्ण हवा असताना. मागच्या एक्सलवरचं वजन दोनाने भागून त्याच्याशी ताडून बघा आणि हातात शिल्लक ठेवा. हवा थंड टायरमध्ये भरायची, भरलेल्या गाडीसाठी कंपनीने दिलेली.

कॅम्पर कशाला बांधायचा?

चेसिसला. हौद्याच्या पत्र्याच्या कडेला मारलेले हुक खड्ड्यांत फाटून येतात. जोराच्या ब्रेकला माल पुढे त्याच्या वजनाच्या ०.८ पट आणि वळणावर बाजूला ०.५ पट जोर लावतो असं धरून बांधणी करायची पद्धत आहे. म्हणजे ६०० किलोच्या कॅम्परला पुढे ४८० आणि बाजूला ३०० किलोंचा जोर. हौद्याच्या पुढच्या भिंतीशी लाकडी अडसर, तळाशी जाड रबरी मॅट आणि चार कोपऱ्यांना चेसिसपासून टर्नबकल (फिरवून ताण वाढवायचा आटेवाला जोड). कॅम्पर पुढे नेमका कुठे टेकतो ती जागा पक्की करा. तो दोन बोटं मागे सरकला की आपण काढलेला हिशोबही सरकला. निघाल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून टर्नबकल पुन्हा आवळा, कारण मॅट दबते आणि ताण सैल होतो. सातारा रस्त्याने निघालात तर खेड शिवापूरला चहा घेताना हे काम होतं.

आरटीओचं काय?

आरसीवर नोंदलेल्या माहितीशी न जुळणारा बदल गाडीत करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे. त्यामुळे फ्रेम चेसिसला वेल्ड करायच्या आधी आरटीओत लेखी विचारा. कायमस्वरूपी मोटार कॅरव्हॅन करायची असेल तर त्यासाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. ओव्हरलोडला कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. बॉडीबाहेर माल आला तरीही २०,००० ची तरतूद आहे. मागच्या एक्सलच्या मागे गाडीचा भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त नको. ३००० मिमी व्हीलबेसला १८०० मिमी.

गाडी चालू असताना मुलं मागे कॅम्परमध्ये झोपली तर चालेल का?

नाही. केबिनमध्ये, बेल्ट लावून.

घाटात चालवताना काय बदलायचं?

वेग. वळणावरचा बाजूचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ३० ऐवजी ४० ने वळलात तर तो पावणेदोन पटींहून जास्त होतो. ताम्हिणी आणि वरंधा घाटातल्या अवघड वळणांवर हे आधीच ठरवून वळा, वळणात शिरल्यावर ब्रेक दाबू नका. उतारावर ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार दिसायला साधा आहे, पण लांब आहे, आणि जड वाहनांचे ब्रेक निकामी होऊन तिथे वारंवार अपघात झाले आहेत. भरलेला कॅम्पर घेऊन तिथे गिअर खाली टाकूनच या. न्यूट्रल कधीही नाही.

स्टिअरिंग हलकं वाटलं, समोरचे लोक सारखे डिपर मारायला लागले, किंवा खड्ड्यावरून गेल्यावर पुढची बाजू दोन-तीनदा डोलली, तर बाजूला घ्या आणि मागचं सामान पुढे आणा. पाणी सोडून द्यावं लागलं तरी सोडा.

पुन्हा वजन कधी करायचं?

कॅम्परमध्ये काहीही कायमचं बसवलं किंवा काढलं की. शिवाय पहिल्या मोठ्या सहलीला निघताना, पाणी, किराणा, गॅस आणि सगळी माणसं बसलेली असताना एकदा. पावत्या फोटो काढून ठेवा, कारण त्यांची शाई काही महिन्यांत उडते. पावतीच्या मागे डिझेल किती होतं, टाकीत पाणी होतं का आणि गाडीत कोण बसलं होतं, हे लिहून ठेवा.